तक्त्यावरची अक्षरं

भाऊ, तुमच्यानंतरची पहिली बॅच गेल्या मंगळवारी काढली. बिघडली.

कागदावर ती अगदी उत्तम होती. तापमान वेळेत चढलं, मिथेनॉल वेळेत निघालं, व्हॅक्यूमही नीट लागला. लॅबला नमुना पाठवला आणि कार्यपद्धतीच्या फायलीत लिहिलंय तसं रिझल्टची वाट बघत बसले. दोन तासांनी आकडा आला, तोवर रिअ‍ॅक्टरमधला माल बराच पुढे निघून गेला होता. खालचा व्हॉल्व्ह उघडला तर काही उतरेना. नवा ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला आणि मी सवयीने मागे वळून तुमच्याकडे बघितलं. तिथे तुमचं स्टूल होतं. त्यावर कुणीतरी हातमोजे वाळत घातले होते. मी उगाचच त्या बिचाऱ्यावर खेकसले.

तुम्हाला जाऊन आज तीन आठवडे झाले. तो दिवसही सोमवारच होता. रांजणगावच्या खोलीवरून तुम्ही पहिल्या पाळीला निघालात, अजून उजाडायचं होतं. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली टायर फुटून उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तुमची मोपेड सरळ तिच्यात घुसली. पंचनाम्यात हेच लिहिलं आहे, प्लांटमध्येही सगळे हेच बोलतात. ट्रॉलीवाल्याची चूक. मीही पंधरा दिवस मान डोलावली. चूक त्याची होतीच. पण मला एक गोष्ट जास्त माहीत आहे आणि ती तुम्हालाही माहीत होती, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

सात वर्षांपूर्वी मी वाळूजच्या या प्लांटवर आले, तेव्हा माझ्याकडे एक जाड फाइल होती आणि स्वतःबद्दल बराच मोठा गैरसमज. पॉलीकार्बोनेट पॉलीओल. नावाला घाबरू नका, असं मी पहिल्याच दिवशी ऑपरेटरांना सांगितलं आणि मग फळ्यावर असं काही लिहीत सुटले की कुणीही घाबरावं. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे होतात. माझं सगळं संपल्यावर तुम्ही विचारलंत, “म्हंजी मॅडम, हे डायॉलचे पांढरे पापुद्रे वितळवायचे, त्यात कार्बोनेट घालायचं, चिमूटभर क्याटलिस्ट, आन् तापवत बसायचं. मिथेनॉल वरून निघून जाईल तसतसा माल घट व्हत जाईल. बरुबर?” मी म्हटलं, बरोबर. “मंग हे गुऱ्हाळच हाय की!” सगळे हसले. मला राग आला होता, आज कबूल करते. दोन वर्षं खपून बसवलेली प्रक्रिया तुम्ही एका वाक्यात कढईत घातलीत.

तुमचे वडील गुळव्या होते हे मला नंतर कळलं. कन्नडकडच्या गुऱ्हाळांवर त्यांना लांबून बोलावणं यायचं, कारण काकवीचा गूळ नेमका कोणत्या क्षणी होतो हे त्यांच्या बोटांना कळायचं. तुम्ही तेच केलंत. रिअ‍ॅक्टरमधून काढलेला थेंब स्टीलच्या पट्टीवर टाकायचा, फुंकर मारायची, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटं हळूच फाकवायची. तार कुठे तुटते ते बघायचं. “एकतारीच हाय अजून. अर्धा घंटा जाऊ द्या.” आपला माल पुढे गाड्यांच्या सीटच्या नकली चामड्यात जातो, फरशीवरच्या रंगात जातो. त्यातली रेणूंची साखळी जरा आखूड राहिली तर चामडं लिबलिबीत होतं, जरा लांबली तर माल रिअ‍ॅक्टरमधून बाहेरच येत नाही. थांबायचा क्षण फार छोटा असतो. लॅबला तो दोन तासांनी कळतो. तुम्हाला जागच्या जागी कळायचा.

मी मानलं नाही. वर्षभर मानलं नाही. मग ती बॅच आली, जिच्यात तुमची तार म्हणाली थांबवा आणि माझा आकडा म्हणाला अजून बराच वेळ आहे. मी आकड्याचं ऐकलं. संध्याकाळपर्यंत रिअ‍ॅक्टरमध्ये दगड झाला होता. लॅबमधलं द्रावणच चुकीचं बनवलेलं निघालं. तुम्ही दोन दिवस खाली वाकून गरम तेल फिरवत, खरवडत तो माल काढलात आणि “मी म्हनलो नव्हतो का” हे एकदाही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. मी भांडले असते आणि फिट्टंफाट झाली असती.

पण भाऊ, एकदा मीही जिंकले होते, ते विसरू नका. तुमची तार अगदी रेशमासारखी आली होती, तुम्ही खुशीत होतात, आणि मी म्हटलं हा माल फेकायचा. साखळीची लांबी बरोबर होती पण तिची टोकं बंद झाली होती, त्यामुळे पुढे ती कशालाच जोडली गेली नसती. मी तुम्हाला म्हटलं, तुमच्या तारेला लांबी कळते, टोक कळत नाही. तुम्ही बोटं पुसत म्हणालात, “टोक कळाया तुमी हाव की.” त्यावर वाद पुरा करायचा राहिला. जेवणाची सुट्टी झाली होती.

आता नाकाबद्दल.

मिथेनॉल वरून निघतं तेव्हा त्याच्याबरोबर कार्बोनेटही निसटायला बघतं. ते निसटलं की टोकं बंद होतात, बॅच वाया जाते. काय निघतंय हे सांगणारं यंत्र मुख्य लॅबमध्ये होतं, तिथे नमुना जाऊन यायला अर्धा दिवस. आपल्या प्लांटसाठी वेगळं यंत्र मी मागितलं होतं, ते मागणीच्या कागदावरच राहिलं. मग एक दिवस तुम्ही निघालेलं मिथेनॉल साठतं त्या रिसीव्हरचा छोटा कॉक उघडलात, बाटलीत थोडं घेतलंत, मास्क खाली ओढलात आणि वास घेतलात. “गोडूस येऊ लागलंय मॅडम, कार्बोनेट निसटतंय. वरून जरा परत आत सोडा.” मी सोडलं. बॅच सुधारली. त्या दिवसापासून तुमचं नाक हे आपल्या प्लांटचं एक उपकरण झालं. दर बॅचला आठ-दहा वेळा. मी म्हटलं होतं, मास्क लावा हो भाऊ. तुम्ही म्हणालात, “मास्क लावून वास कसा घ्यावा?” खरंच होतं. दोघंही हसलो आणि मी पुढच्या वाचनाची वेळ लिहून घेतली.

फायलीत मी हे कधीच लिहिलं नाही. ऑडिटवाले यायचे तेव्हा तुम्ही मास्क लावून शहाण्यासारखे उभे राहायचात आणि मी त्यांना लॅबच्या रिझल्टचा तक्ता दाखवायचे. माझी प्रक्रिया म्हणून जी दोन बक्षिसं मला मिळाली, ती भिंतीवर आहेत. मिथेनॉल डोळ्यांच्या शिरेला काय करतं हे मला पाठ होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच पाठ होतं.

मला केव्हा कळलं सांगू? तुम्ही दाबाच्या गेजची काच पुसायला लागलात तेव्हा. आधी वाटलं, माणूस टापटिपीचा. मग एकदा मी मागे उभी होते. काच लख्ख होती, आणि तुम्ही फडकं घेऊन परत परत पुसत होतात, डोळे बारीक करत होतात, पुन्हा पुसत होतात. मी विचारलं, किती दाखवतोय? तुम्ही बरोबर आकडा सांगितलात. पंपाच्या आवाजावरून सांगितला होतात.

क्रांती चौकाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच तुम्हाला नेलं. त्यांनी थेंब घातले, आत बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, शीर सुकत चालली आहे, चष्म्याने भागणार नाही. साखर आहे का? आहे. दारू? नाही, माळकरी माणूस. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, “कामाला कुठे असता? कसल्या केमिकलशी संबंध?” आणि तुम्ही म्हणालात, “शेती करतो साहेब, कन्नडकडं.” मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तुमचे कागद माझ्या मांडीवर होते. मी काही बोलले नाही. मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की हे साखरेमुळेच असावं. अजूनही वाटतं. खरं काय ते आता कुणी सांगू शकणार नाही, आणि त्या न कळण्याचा मला आधार वाटतो याची लाज वाटते.

बाहेर चहा घेताना तुम्ही म्हणालात, “मॅडम, मेडिकलला कळलं की मला रिअ‍ॅक्टरवरून उठवतील. पॅकिंगला बसवतील. गोण्या शिवत बसू का मी आता?” एवढंच म्हणालात. पुढची कल्पना माझी होती. मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले की तुम्ही गळ घातलीत. तुम्ही घातली नव्हती. मोठ्या रिअ‍ॅक्टरवरची पहिली बॅच दोन महिन्यांवर आली होती आणि तुमच्याशिवाय ती निघणार नाही हे मला माहीत होतं.

वार्षिक तपासणीला आमची, स्टाफची, पाळी आदल्या दिवशी असते. कँटीनच्या भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता टांगलेला. मी माझी तपासणी झाल्यावर त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि तुम्हाला कंट्रोल रूममध्ये बसवून एकेक ओळ पाठ करून घेतली. ई. टी, बी. डी, एल, एन. पी, टी, ई, आर. इंग्रजी अक्षरं तुम्हाला पिंपांवरून ओळखीची होती. मी म्हटलं, डॉक्टर उलटंही विचारतात, उलटं म्हणा. तुम्ही उलटंही म्हटलंत. तुम्हाला मधली एक ओळ सारखी चुकत होती तर मी तुमच्यावर चिडले, भाऊ. शाळेतल्या पोरावर चिडावं तशी चिडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घडाघडा म्हणून दाखवलंत. डॉक्टर म्हणाले, काका, नजर एकदम तरुण आहे तुमची. आपण टपरीवर भजी खाल्ली. तुम्ही डॉक्टरांची नक्कल केलीत आणि मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या वर्षी तक्ता तोच होता. तेव्हा माझी गरजही लागली नाही.

मी काही अगदीच निर्दयी नव्हते, असं मला वाटत होतं. तुम्हाला अंधारात गाडी चालवावी लागू नये म्हणून मी खटपट करून तुमची पाळी कायमची पहिली करून घेतली. तीनला सुटायचं, उन्हात घरी. केवढं समाधान वाटलं होतं मला! थंडीत पहिल्या पाळीला यायला सहाच्या आधी निघावं लागतं आणि तेव्हा उजाडलेलं नसतं, आणि नेमके ते दिवस उसाचे असतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुमचं जाणं धरलं, येणं धरलंच नाही. तापमान, दाब, वेळ, सगळं दोन-दोनदा तपासणारी बाई मी.

दशक्रियेला तुमच्या गावी आले होते. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, बायका भोवती. मला बघून त्यांनी जवळ बसवून घेतलं. रडून झाल्यावर त्या तुमच्याबद्दल बोलायला लागल्या, अगदी नेहमीच्या सुरात. दिवाळीला गुलमंडीच्या बाजारातून त्यांनी साडी आणली होती म्हणे. नेसून तुमच्यापुढे उभ्या राहिल्या. “म्हनले, लई झ्याक रंग हाय. मी म्हनलं, कोनता हाय सांगा बरं. तर हसले आन् म्हनले, तुला शोभंल असा.” बायका तोंडाला पदर लावून हसल्या, वहिनीही हसल्या. मी माझ्या पायाच्या बोटांकडे बघत बसले.

मग त्यांनी आवाज खाली केला. “मॅडम, एक इचारू? ते घरी आले की आंघुळीला बसल्यावर म्हनायचे. ई. टी बी. डी एल एन. पी टी ई आर. मंग उलटं बी म्हनायचे. मला बी ऐकून ऐकून पाठ झालं बगा. मी इचारलं हे कसलं मंतर, तर म्हनायचे कंपनीचं हाय, मॅडमनं शिकवलंय. तुमचा फारमुला हाय का त्यो?”

मी म्हटलं, हो.

“मंग लिहून द्या ना. फोटूखाली लावते. लई जीव होता त्यांचा कामावर.”

आणि भाऊ, मी लिहून दिलं. डायरीचं पान फाडलं, मांडीवर डायरी ठेवली आणि चांगल्या अक्षरात चारही ओळी लिहिल्या, तक्त्यावर असतात तशा एकाखाली एक. वहिनींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

परत आल्यावर मला झोप लागेना, जेवण जाईना. प्लांटच्या मोठ्या साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. वासाचं, डॉक्टरांचं, तक्त्याचं. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, विषय संपलेला आहे, तुम्ही कशाला उकरून काढता? चार दिवस सुट्टी घ्या. मी सुट्टी घेतली नाही. फाइल उघडली आणि ज्या पानावर “नमुना लॅबला पाठवणे” असं छापलंय, त्याच्याखाली हाताने लिहिलं की इतकी वर्षं इथे गोरखभाऊ मास्क काढून वास घेत होते, माझ्या सांगण्यावरून. सही केली. त्यानंतर मंगळवारची ती बॅच काढली. तिचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

काल रविवार होता. कन्नडपर्यंत एसटीने गेले, पुढे जीप. वहिनी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. “या मॅडम, उनात कशाला आलात,” म्हणाल्या, पाणी दिलं. घरात तुमचा फोटो, हार सुकलेला, आणि खाली काचेत बसवलेला माझा कागद. चौकट नवी होती. कुणाला तरी तालुक्याला पाठवून करून आणली होती त्यांनी.

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून सरळ सांगत गेले. हा फॉर्म्युला नाही, डोळे तपासायचा तक्ता आहे. दोन वर्षांपासून भाऊंना दिसणं कमी होत चाललं होतं. मला माहीत होतं. मी लपवलं, त्यांनाही लपवायला शिकवलं. माझ्या बॅचसाठी. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले.

त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. मी तयारीने गेले होते. वहिनी शेंगा फोडत राहिल्या. दाणे सुपात, टरफलं बाजूला. मग आत फोटोकडे बघितलं. हात थांबले.

“म्हंजी मॅडम, ती गुलमंडीची साडी…” म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या.

“दोन वर्सं त्यांना मी दिसतच नव्हते व्हय?”

भाऊ, सात वर्षांत मी तुम्हाला किती प्रश्न विचारले. तार कुठं तुटली, वास कसला येतोय, व्हॅक्यूम तोडायचा का, अजून किती वेळ. तुम्ही प्रत्येकाचं उत्तर दिलंत. हे मात्र मी कधी विचारलं नाही, की भाऊ, नेमकं काय दिसत नाही? घरी गेल्यावर समोर कोण दिसतं?

वहिनी उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हटलं, मला माहीत नाही.